स्नूकरची क्रमवारी कशी वाचावी
यादीतले आकडे गुण नसून पौंड असतात: गेल्या 2 वर्षांत रँकिंग स्पर्धांत मिळवलेली बक्षिसाची रक्कम. मास्टर्सची रक्कम यात धरू नका. ती निमंत्रितांची स्पर्धा.

इथेच बहुतेकांची गफलत होते. नव्या कमाईआधी 2 वर्षांपूर्वीच्या त्याच स्पर्धेची रक्कम वजा करा. विश्वविजेत्याचे 5,00,000 पौंड असे एका फटक्यात गळतात. म्हणून बरं खेळूनही खेळाडू घसरतो.

क्रुसिबलमध्ये, म्हणजे जागतिक स्पर्धा जिथे होते त्या नाट्यगृहात, गतविजेत्याला पहिलं मानांकन, क्रमवारी काहीही असो. उरलेली 15 क्रमवारीनुसार. पहिल्या फेरीत प्रत्येकासमोर पात्रता फेरीतून आलेला खेळाडू, तोही चिठ्ठीने. पहिले दोन मानांकित अंतिम सामन्यातच भेटू शकतात.

हंगामाअखेरीस 64व्या क्रमांकाकडेही पाहा: त्याखालच्यांचं टूर कार्ड, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांत खेळण्याचा हक्क, धोक्यात.