घोडा घेताना चाल बघा

बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) करून नांदेड-परभणीकडे नीट बसता-चालता न येणाऱ्या मुलांसाठी घोडेस्वारीचा उपचार सुरू करायचं मनात असेल, तर आधी हे ऐका. घोडा घ्यायला माळेगावच्या जत्रेत एकटे जाऊ नका. तिथली पारख निराळी. रवाल चाल, उचललेली मान, पाठीवर भरला पेला ठेवला तरी सांडू नये असा घोडा तिथं भाव खातो. मिरवायला झकास, आपल्या कामाला नेमका तोच नको.

इथं औषध म्हणजे घोड्याची साधी चाल. चारही खूर वेगवेगळे पडतात. पावलागणिक बसणाऱ्याची कंबर पुढेमागे होते, डावीउजवीकडे कलते, थोडी वळते. आपण चालताना होतं अगदी तसंच. ज्या पोरानं कधी पाऊल टाकलं नाही, त्याच्या कमरेला चालणं कळतं ते असं. रवालीत एका बाजूचे दोन्ही पाय जवळजवळ जोडीनं पडतात. बसणाऱ्याला मजा वाटते, पण ते वळणं हरवतं. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, तसलाच घोडा घेतला. घोडा गरीब, पोरं खूश, आईबापही खूश, आणि पोरांच्या बसण्यात काडीचा फरक नाही!

म्हणून भुसभुशीत मातीवरून घोडा हातानं चालवायला सांगा आणि ठसे बघा. मागचा खूर पुढच्याच्या ठशात किंवा त्याच्याही पुढं पडायला हवा, दोन्ही बाजूंना सारखा. मग मागं उभं राहून पुठ्ठे सारखे हलतात का ते पाहा. वरातीत नाचवलेला घोडा तर फुकट मिळाला तरी नको. लांब कुठं ताशा वाजला तरी त्याचे पाय थांबत नाहीत.

चार दिवसांचा ऑनलाइन कोर्स करून प्रमाणपत्र भिंतीला लावणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. त्यापेक्षा एखाद्या म्हाताऱ्या मोतद्दाराकडे, म्हणजे घोडे सांभाळणाऱ्याकडे, पहाटे खरारा करायला जा. घोड्याचे कान कधी मागं जातात, ते तोच दाखवेल. (माणसांच्या दुखण्यावरची त्याची मतं मात्र तिथंच सोडून या.)

डाउन सिंड्रोमच्या मुलाच्या मानेची तपासणी आणि डॉक्टरांची लेखी परवानगी नसेल, तर बसवायचं नाही. मानेचे वरचे दोन मणके ढिले असू शकतात. खुबा निखळलेला असेल, फिट्स आटोक्यात नसतील, तरी नाही. "मॅडम, जरासं बसवा की, नवस बोललेय," म्हणत आजी पदर पसरेल. तरी नाही.

एवढं वाचून धीर सोडू नका. डेन्मार्कच्या लिस हार्टेलला १९४४ साली पोलिओ झाला, गुडघ्याखालची ताकद गेली. घोड्यावर चढायला-उतरायला मदत लागायची, तरी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये तिनं ड्रेसाजचं (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेचं) रौप्यपदक मिळवलं. तुमच्याकडची पोरं पदकं आणणार नाहीत. कुणी आधाराशिवाय ताठ बसायला लागेल, आणि आईला एका हातानं घास भरवता येईल. "घोड्यावर बसलं की चालायला लागेल" असा शब्द मात्र कुणालाही देऊ नका.

एका मुलामागं तीन माणसं लागतात, एक घोडा धरायला आणि दोन दोन्ही बाजूंना. आपल्याकडच्या उन्हाळ्यात सकाळचे दोन तासच काम होतं, चंदी-कडबा मात्र दिवसभर लागतो. फी ठरवतानाच हे धरा, आणि पहिलं वर्षभर दवाखान्यातली नोकरी सोडू नका.