व्हिडिओ कॉल अडकतोय? प्लॅन वाढवण्याआधी या चुका टाळा

कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून फोन आला तोच वैतागलेला. पुण्याच्या ग्राहकाबरोबर रोज अकराला व्हिडिओ कॉल, आणि रोज अकरा-दहाला समोरचा माणूस तोंड उघडं ठेवून थिजायचा. "अहो, पन्नास एमबीपीएसचा प्लॅन होता, दोनशेचा घेतला की! अजून काय करू?" मी खुर्चीत टेकायच्या आतच मालकांनी विचारलं.

स्पीड टेस्ट लावली, तर दोनशे अगदी पूर्ण. मग एका खिडकीत पिंग (छोटा संदेश जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ) चालू ठेवला आणि अकाउंटच्या मॅडमना म्हटलं, सकाळी करता ते सगळं आत्ता करा. त्यांनी हिशेबाच्या डेटाचा बॅकअप क्लाउडवर चढवायला घेतला. १५ मिलिसेकंदांवर निवांत चाललेला पिंग अर्ध्या मिनिटात ७०० च्या वर गेला. बॅकअप थांबवला, पुन्हा १५.

गाळप हंगामात साखर कारखान्याबाहेर उसाच्या ट्रॉल्यांची रांग आपण सगळ्यांनीच बघितली आहे. रस्ता कितीही रुंद करा, आत वजनकाटा एकच असेल तर रांग हलायची तेवढीच हलते. दोनशेच्या त्या प्लॅनमध्ये अपलोड वीसच होतं. काटा तो. बॅकअपच्या ट्रॉल्या आधी लागल्या होत्या आणि कॉलचा आवाज त्यांच्यामागे मोटारसायकलसारखा अडकला होता.

म्हणून पहिली चूक हीच: रिकाम्या वेळी स्पीड टेस्ट करून निश्चिंत होणं. एका एचडी कॉलला दोन्ही दिशांना साधारण २ ते ४ एमबीपीएस पुरतात. कॉल बिघडवतात त्या तीन वेगळ्याच गोष्टी. पाकीट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, पोचायला लागणारा वेळ (एका दिशेने १५० मिलिसेकंदांच्या आत हवा, नाहीतर दोघं एकदम बोलायला लागतात), त्या वेळेतली चढउतार म्हणजे जिटर (३० मिलिसेकंदांच्या आत बरा), आणि वाटेत हरवणारी पाकिटं (१ टक्क्याच्या खाली). हे तिन्ही आकडे लाइन भरलेली असतानाच मोजायचे.

उपाय दोन. फुकटचा आधी: बॅकअप रात्री नऊला लावा, आणि सीसीटीव्हीचं फुटेज दिवसभर क्लाउडवर चढतंय का तेही बघा. दुसरा राउटरमध्ये. मायक्रोटिक राउटरच्या सॉफ्टवेअरच्या सातव्या आवृत्तीत किंवा ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या मोफत सॉफ्टवेअरवर एफक्यू-कोडेल, केक अशा रांगा लावायच्या पद्धती मिळतात. त्या मोठ्या डाउनलोडमागे लहान पाकिटांना ताटकळू देत नाहीत. मात्र तिथे अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्के ठेवा. पूर्ण शंभर ठेवली, तर रांग तुमच्या राउटरऐवजी इंटरनेट कंपनीच्या डब्यात लागते आणि तिथे तुमचं काही चालत नाही.

मालकांनी मला नंतर विचारलं, मग दोनशेचा प्लॅन परत करता येईल का. वर्षाचे पैसे भरून झाले होते.

सगळ्यांनाच व्याह्यांच्या पंगतीत बसवणं

क्यूओएस (कोणत्या डेटाला आधी वाट द्यायची याचे नियम) लावलंय असं ऐकलं की मी आधी यादी मागतो. एका ठिकाणी कॉल, ईमेल, ईआरपी (कामकाजाचं सॉफ्टवेअर), साहेबांचा मोबाइल, सगळंच 'हाय प्रायॉरिटी' होतं. म्हणजे कुणालाच नाही. पाकिटांवर प्राधान्याचा शिक्का मारायचा तर आवाजाला ईएफ (डीएससीपी ४६), व्हिडिओला एएफ४१ (डीएससीपी ३४), बाकी सगळं साधं, एवढं पुरतं. आणि हा शिक्का खुल्या इंटरनेटवर कुणी बघत नाही. एमपीएलएसच्या, म्हणजे शाखा जोडणाऱ्या खासगी लाइनवर कंपनी तो पाळते, पण करारात तसा वर्ग विकत घेतला असेल तरच. करार काढून वाचा.

साताऱ्याचा कॉल मुंबईमार्गे

साताऱ्यातल्या शाखेत बसलेला माणूस कराडच्या व्हेंडरशी बोलतो, आणि कॉल व्हीपीएनमधून (शाखा मुख्य कार्यालयाला जोडणारी सुरक्षित वाट) आधी मुंबईच्या मुख्य कार्यालयात जाऊन मग बाहेर पडतो. हे फार ठिकाणी दिसतं. अंतराचा दोष थोडाच. प्रकाशाला मुंबई काही मिलिसेकंदांवर आहे. अडचण मुंबईच्या फायरवॉलची, म्हणजे नेटच्या दारावरच्या पहारेकऱ्याची. सगळ्या शाखांचं ओझं उलगडताना त्याला धाप लागते. कॉलच्या सेवेपुरती वाट थेट शाखेच्या इंटरनेटवर सोडा, यालाच स्प्लिट टनेल म्हणतात. ईआरपी खुशाल व्हीपीएनमधूनच जाऊ द्या.

त्याच फायरवॉलमध्ये यूडीपी (हरवलेल्या पाकिटासाठी न थांबणारी पाठवण्याची पद्धत) बंद आहे का तेही बघा. टीम्सला ३४७८ ते ३४८१ हे यूडीपी पोर्ट (क्रमांकाची दारं) लागतात, मीटला ३४७८ आणि १९३०५ ते १९३०९, झूमला ८८०१ ते ८८१०. ते बंद असले तरी कॉल लागतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. तो गुपचूप टीसीपीच्या ४४३ वर जातो. टीसीपी हरवलेलं पाकीट परत मागवतो आणि ते येईपर्यंत मागचे सगळे थांबतात. फाइलसाठी हे उत्तम आहे, पण बोलण्यात दोन सेकंदांपूर्वीचा 'हॅलो' आता येऊन काय उपयोग?

वायफायचं थोडक्यात सांगतो, कारण उत्तर सोपं आहे: मीटिंगच्या खोलीत वायर ओढा. राउटर लोखंडी कपाटावर, गणपतीच्या फोटोमागे ठेवून खोलीत कॉल घेऊ नका. वायर शक्यच नसेल तर ५ गिगाहर्ट्झ वापरा. २.४ वर राहावंच लागलं, तर चॅनल १, ६ किंवा ११, मधले नाहीत.

दोन कंपन्यांच्या दोन लाइनी घेऊन निर्धास्त झालेलेही भेटतात. बाहेर जाऊन वर बघा: दोन्ही केबल एकाच खांबावरून येत असतील, तर एका जेसीबीने दोन्ही जातात. आणि वीज गेली की राउटर यूपीएसवर, पण फायबरचा डबा साध्या सॉकेटवर, हा प्रकार मी इतक्यांदा बघितलाय की आता आत शिरताना आधी तिकडेच नजर जाते.

एवढं करूनही कॉल तुटत असेल, तर दोष कंपनीच्या बाजूला असू शकतो. तक्रार करताना "नेट स्लो आहे" म्हणू नका. दोन पिंग एकाच वेळी लावा, एक तुमच्या राउटरला, दुसरा ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या गूगलच्या सर्व्हरला. पहिलाच बिघडला तर दोष घरातला. दुसराच बिघडला तर वेळेसकट नोंद ठेवा आणि विनएमटीआरचा (वाटेतला प्रत्येक टप्पा मोजणारं सॉफ्टवेअर) निकाल जोडा. तो वाचताना एक गफलत सर्रास होते: मधल्या एखाद्या टप्प्यावर ४० टक्के लॉस दिसला की लोक उड्या मारतात. मधले राउटर पिंगला उत्तर देणं दुय्यम मानतात, म्हणून तसं दिसतं. त्या टप्प्यापासून शेवटापर्यंत लॉस तसाच टिकून राहिला असेल, तरच ती ओळ इंजिनिअरला दाखवा.