वेबसाइट बनवताना आणि लॅपटॉपची स्क्रीन निवडताना या चुका टाळा

सांगलीच्या गणपती पेठेतील एका हळद व्यापाऱ्यांची वेबसाइट मी करत होते. हळकुंडांचे फोटो एका रात्री उशिरापर्यंत बसून नीट केले, अपलोड केले आणि सकाळी त्यांना लिंक पाठवली. अर्ध्या तासात फोन आला. "मॅडम, ही राजापुरी अशी पांढरी कशानं पडली? गिऱ्हाईक म्हणंल, जुना माल काढलाय." माझ्या लॅपटॉपवर तीच हळकुंडे आदल्या रात्री चांगली केशरट पिवळी दिसत होती. शोधाशोध केल्यावर कारण सापडले, आणि ते हळदीतही नव्हते, कॅमेऱ्यातही नव्हते. विंडोजमधील नाइट लाइट सूर्यास्तानंतर आपोआप सुरू होईल अशी सोय मीच कधीतरी करून ठेवली होती. ती सोय स्क्रीनवरील निळा प्रकाश कमी करते, त्यामुळे सगळेच पिवळसर दिसू लागते. आणि तो जादा पिवळेपणा फोटोचाच आहे असे समजून मी तो फोटोतून काढून टाकला होता.

तेव्हापासून फोटोला हात लावण्यापूर्वी मी तीन गोष्टी पाहते. नाइट लाइट बंद आहे का, हे पहिले. लॅपटॉप चार्जरवर आहे का, हे दुसरे. कारण बऱ्याच लॅपटॉपमध्ये चार्जर काढला की वीज वाचवण्यासाठी ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे चित्र दाखवणारा भाग चालवणारे सॉफ्टवेअर, स्क्रीनचा उजेड आणि छटा स्वतःच बदलत राहतो. विंडोज ११ मध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ब्राइटनेसखाली, समोरील मजकुरानुसार ब्राइटनेस बदलण्याचा एक पर्याय असतो, तोही बंद ठेवावा. तिसरी गोष्ट म्हणजे तोच फोटो निदान दोन फोनवर उघडून पाहावा, आणि त्यातला एक फोन स्वस्तातला असावा.

स्क्रीन विकत घेतानाची चूक याहून महाग पडते, कारण ती पुढची चार-पाच वर्षे सोबत राहते. दुकानात लॅपटॉपवर ब्राइटनेस पूर्ण वाढवून भडक रंगांचा व्हिडिओ लावलेला असतो आणि खोक्यावर 'फुल एचडी आयपीएस' एवढे छापलेले असते. आयपीएस हा स्क्रीनच्या पॅनेलचा एक प्रकार, आणि त्याचा फायदा खरा आहे: टीएन या जुन्या प्रकारात झाकण थोडे मागे-पुढे केल्यावर रंग उलटेपालटे होतात, तसे यात होत नाहीत. मात्र आयपीएस म्हटले की रंग पुरेसे असतीलच, असा त्याचा अर्थ होत नाही. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या अनेक लॅपटॉपच्या तपशिलात '४५ टक्के एनटीएससी' असा एक आकडा बारीक अक्षरात दिलेला असतो आणि तो सहसा कोणी वाचत नाही. एनटीएससी हे १९५३ सालच्या अमेरिकन रंगीत टीव्हीचे, म्हणजे त्याने किती रंग दाखवायचे याचे, माप आहे. वेबवरचे फोटो आणि रंग प्रामुख्याने ज्या मापाने ठरतात ते एसआरजीबी, जे एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ साली मांडले. ७२ टक्के एनटीएससी म्हणजे साधारण पूर्ण एसआरजीबी असा हिशेब धरला, तर ४५ टक्क्यांच्या स्क्रीनवर त्यातला जेमतेम ६२-६३ टक्के भाग दिसतो. अशा स्क्रीनवर लाल आणि केशरी रंग मलूल वाटतात, म्हणून माणूस फोटोचे रंग वाढवत जातो, आणि तोच फोटो गडद रंग दाखवणाऱ्या ओलेड स्क्रीनच्या फोनवर पाहिला की हळकुंडाऐवजी प्लॅस्टिकचे खेळणे दिसते. म्हणून वेबसाइटचे काम करणार असाल तर तपशिलात '१०० टक्के एसआरजीबी' असे लिहिले आहे का ते पाहा, आणि पैसे कमी पडत असतील तर एकवेळ प्रोसेसरमध्ये एक पायरी खाली या. विक्रेत्यांना हा सल्ला आवडत नाही.

दुकानात जाताना ओळखीचे दोन-तीन फोटो आणि बारीक अक्षरातला मराठी मजकूर असलेले एक पान पेनड्राइव्हवर घेऊन जावे. ब्राइटनेस निम्म्यावर आणावा, लॅपटॉप दाराकडे वळवून ठेवावा आणि मग वाचून पाहावे. खिडकीजवळ बसून काम करायचे असेल तर चकचकीत काचेपेक्षा मॅट स्क्रीन आणि ३०० निट्स (हे स्क्रीनच्या उजेडाचे माप) किंवा त्याहून अधिक उजेड बरा.

आता रिझोल्यूशनविषयी, कारण येथे जाणकारही चुकतात. १९२० बाय १०८० ची स्क्रीन घेतली म्हणजे वेबसाइटला १९२० पिक्सेल रुंदी मिळते, असा समज असतो. परंतु अक्षरे वाचता यावीत म्हणून विंडोज अशा लॅपटॉपवर बहुधा १२५ किंवा १५० टक्के स्केलिंग लावते, म्हणजे सगळे तेवढ्या पटीने मोठे करून दाखवते, आणि ब्राउझर त्या प्रमाणात भागलेली रुंदी धरतो. १२५ टक्क्यांना ती १५३६ होते, १५० टक्क्यांना १२८०. व्यापाऱ्याच्या गादीशेजारी ठेवलेल्या १३६६ बाय ७६८ च्या जुन्या संगणकावर १५० टक्क्यांवर चालणाऱ्या तुमच्या नव्या लॅपटॉपपेक्षा पान अधिक रुंद दिसते, ही गंमत यातूनच घडते. उंचीची अडचण त्याहून मोठी आहे. १५० टक्क्यांना उरलेल्या ७२० मधून ब्राउझरच्या पट्ट्या आणि खालचा टास्कबार वजा केला की हातात सहाशेच्याही आत उरते, आणि तेवढ्या जागेत भलामोठा बॅनर भरला तर फोन नंबर आणि भाव विचारण्याचे बटण खाली दडून बसते. याच कारणाने मी १६:९ ऐवजी १६:१० आकाराची, म्हणजे १९२० बाय १२०० ची स्क्रीन घ्या असे सांगते. कोड लिहितानाही चार ओळी जास्त दिसतात.

फोनवर पान उघडले आणि अक्षरे मुंगीएवढी दिसली, तर पानाच्या हेडमध्ये, म्हणजे कोडच्या सुरुवातीच्या भागात, व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग (पान फोनच्या रुंदीत मांडायला सांगणारी ओळ) आहे का ते आधी पाहा. तो नसेल तर फोनचा ब्राउझर पान सुमारे ९८० पिक्सेल रुंद आहे असे धरतो आणि सगळे आक्रसून दाखवतो.

मराठी मजकुराच्या चुका मात्र वेगळ्या जातीच्या असतात, कारण थीम, म्हणजे वेबसाइटचे तयार साचे, बहुतेक रोमन अक्षरे डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या असतात. शीर्षक ऐटबाज दिसावे म्हणून त्यांत अक्षरांमधील अंतर, म्हणजे लेटर स्पेसिंग, वाढवलेले असते. देवनागरीत तसे केले की शिरोरेषा तुटते आणि 'हळद' हा शब्द ह, ळ, द अशा तीन सुट्या तुकड्यांत लटकतो. ते अंतर शून्यावर आणावे. ओळींमधील अंतर थीममध्ये अक्षराच्या आकाराच्या १.१ किंवा १.२ पट असते, त्यामुळे 'शेतकऱ्यांकडून थेट खरेदी' असे दोन ओळींचे शीर्षक दिले की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत जाऊन अडकतो. मजकुराला १.६ ते १.८ आणि शीर्षकाला निदान १.४ ठेवले की हा गुंता सुटतो. पानाची भाषा मराठी आहे असे एचटीएमएलमध्ये नोंदवायलाही विसरू नये, कारण काही फॉन्ट ती नोंद वाचूनच ल आणि श ही अक्षरे हिंदी वळणाऐवजी मराठी वळणाची दाखवतात. छापखान्यातून आलेल्या पत्रकाचा मजकूर जसाच्या तसा चिकटवल्यावर अगम्य चिन्हे उमटली, तर तो जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला आहे. तो युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढावा आणि नंतर र्‍य, र्‍ह आणि जोडाक्षरे डोळ्यांनी तपासावीत.

पांढऱ्यावर पिवळी अक्षरे हवीत असा हट्ट हळदवाल्यांकडून हमखास होतो. शुद्ध पिवळ्या आणि पांढऱ्या रंगांतील उजेडाचे गुणोत्तर अवघे १.०७ ला १ असते, तर साध्या मजकुरासाठी वेबच्या सुगम्यतेच्या निकषांनुसार ते किमान ४.५ ला १ हवे. हेच उलटे करून पिवळ्यावर काळी अक्षरे घेतली तर गुणोत्तर १९ च्या वर जाते, आणि व्यापारीही खूश होतात.

एक चूक अगदी थोडक्यात. आपल्या लॅपटॉपवर दिसणारा फोटो सर्व्हरवर गेल्यावर गायब झाला, तर फाइलच्या नावातील रोमन अक्षरे पाहा. विंडोजला मोठ्या आणि लहान लिपीतील फरक चालतो, लिनक्स सर्व्हरला चालत नाही. सगळी नावे लहान लिपीत ठेवा.

हळकुंडांचे फोटो मी दिवसा, चार्जर लावून पुन्हा नीट केले आणि त्याच नावाने वर चढवले. माझ्याकडे ते ठीक दिसत होते, पण दुपारी पुन्हा फोन आला की अजून फिकटच आहेत. त्यांच्या फोनच्या ब्राउझरने जुना फोटो कॅशमध्ये साठवून ठेवला होता आणि नाव तेच असल्यामुळे नवा मागवलाच नव्हता. ग्राहकाला कॅश कशी पुसायची ते शिकवत बसण्यापेक्षा फाइलचे नाव बदलणे सोपे, म्हणून प्रत्येक नावापुढे दोनचा आकडा जोडला आणि पान पुन्हा अपलोड केले. तासाभराने त्यांनी मुलाच्या फोनवरून एक फोटो पाठवला: वेबसाइट उघडलेला त्यांचा फोन, आणि त्याच्या शेजारी पोत्यातून काढलेले एक हळकुंड.