कमी पैशांत रेसिंग सीट आणि हार्नेस कसे निवडावेत

वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा या औद्योगिक वसाहतींमुळे छत्रपती संभाजीनगर परिसरात पत्रा कापणारे, पाइप वाकवणारे आणि वेल्डिंग करणारे कुशल हात मुबलक आहेत. त्यांच्या भरवशावर मराठवाड्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी बाहा (खडबडीत वाटेवरची) किंवा फॉर्म्युला (ट्रॅकवरची) या विद्यार्थी-स्पर्धांसाठी गाडी उभी करतात, आणि काही हौशी तरुण जुनी हॅचबॅक घेऊन ती ऑटोक्रॉससाठी, म्हणजे मोकळ्या मैदानावर शंकूंमधून वेळेविरुद्ध गाडी चालवण्याच्या स्पर्धेसाठी, तयार करतात. या सर्वांचा खर्चाचा क्रम बहुधा सारखाच असतो: आधी इंजिन, मग सस्पेन्शन, मग टायर, आणि जे काही उरेल त्यात सीट व पट्टे. हा क्रम बदलावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. हार्नेस, म्हणजे चालकाला सीटशी घट्ट बांधणारा पट्ट्यांचा संच, नवा आणि प्रमाणित घ्यावा, सीट साधी असली तरी अचूक मापाची असावी, आणि जोडणीचे काम आपल्याच गाळ्यात पण पूर्ण नियमानुसार करावे, म्हणजे मोजक्या पैशांतही चालक सुरक्षित राहतो.

खरेदीच्या आधी आपण ज्या स्पर्धेत उतरणार आहोत तिची त्या वर्षीची नियमपुस्तिका वाचावी. विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला स्पर्धांचे नियम सहा किंवा सात बिंदूंचा हार्नेस मागतात; तिथे स्वस्तात मिळाला म्हणून चार बिंदूंचा पट्टा आणला, तर तांत्रिक तपासणीतच गाडी थांबते आणि पट्ट्याचे पैसे दुसऱ्यांदा मोजावे लागतात. पण प्रश्न केवळ नियमाचा नाही. चार बिंदूंच्या पट्ट्यात खांद्यांचे दोन आणि कमरेचे दोन पट्टे एका बकलला येऊन मिळतात. समोरून धडक बसली की छातीचा भार खांद्याच्या पट्ट्यांवर येतो, ते पट्टे बकल वर ओढतात, कमरेचा पट्टा ओटीपोटावरून सरकून मऊ पोटावर चढतो आणि शरीर त्याच्या खालून पुढे निसटते. यालाच सबमरीनिंग म्हणतात, आणि त्यात आतड्यांना व यकृताला गंभीर इजा होऊ शकते. मांड्यांच्या मधून येणारा पट्टा बकलला खाली धरून ठेवतो. असा पट्टा पाच बिंदूंच्या हार्नेसमध्ये एक असतो आणि सहा बिंदूंच्या हार्नेसमध्ये दोन असतात. दोन पट्ट्यांमुळे भार दोन्ही बाजूंना वाटला जातो, म्हणून किमतीत थोडाच फरक असेल तर सहा बिंदूंचाच घ्यावा.

हार्नेस हातात आला की रंग आणि नाव पाहण्याआधी लेबल वाचावे. एफआयए या मोटार स्पर्धांच्या जागतिक नियामक संस्थेच्या जुन्या 8853/98 किंवा त्यानंतरच्या 8853-2016 या मानकांच्या पट्ट्यांवर लेबल शिवलेले असते आणि त्यावर कोणत्या वर्षानंतर पट्टा वापरू नये ते छापलेले असते. ते वर्ष 31 डिसेंबरपर्यंत धरले जाते. अमेरिकेतील एसएफआय या सुरक्षा-मानक संस्थेच्या 16.1 आणि 16.5 या मानकांच्या पट्ट्यांवर निर्मितीची तारीख असते आणि त्यांची मुदत दोन वर्षांची असते. बजेटचा विचार इथेच नेमका करावा लागतो. दुकानात वर्षभर पडून राहिलेला एसएफआय पट्टा सवलतीत मिळाला, तरी त्याचे अर्धे आयुष्य संपलेले असते. थोडा महाग पण पुढची चार वर्षे चालणारा एफआयए पट्टा प्रत्येक हंगामाच्या हिशेबाने स्वस्त पडतो. लेबलवरचा मान्यता क्रमांक एफआयएच्या तांत्रिक यादीशी ताडून पाहता येतो: 8853/98 साठी यादी क्रमांक 24, 8853-2016 साठी 57, आणि 8855-1999 मानकाच्या सीटसाठी 12. या याद्या इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहेत, आणि नकली मालाने भरलेल्या बाजारात ही पाच मिनिटांची तपासणी फार मोलाची आहे.

वापरलेला हार्नेस घेऊ नये. तो अपघातातून गेलेला आहे की नाही हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते, आणि एकदा जोराने ताणला गेलेला पट्टा दिसायला साबूत असला तरी पुन्हा तेवढा भार पेलेलच असे नाही. स्थानिक पातळीवर शिवून घेण्याचा विचार तर मनात आणू नये. वाळूजच्या एका गाळ्यात विद्यार्थ्यांच्या एका चमूने मोठ्या अभिमानाने मला असाच एक पट्टा दाखवला होता. ट्रकवरचा माल आवळण्याच्या पट्ट्याचे तुकडे घेऊन ते कुशनवाल्याकडून शिवून घेतलेले होते. शिवण सुबक होती, लाल दोरा पट्ट्याच्या काळ्या रंगावर उठून दिसत होता. आम्ही त्याचे एक टोक प्रेसच्या पायाला बांधले, दुसरे चेन पुलीच्या हुकात अडकवले आणि साखळी ओढू लागलो. पट्टा पुरता ताणलाही गेला नव्हता, तोच शिवणीची पहिली ओळ उसवली, मागोमाग दुसरी, आणि तिसरी ओळ तुटताना उडालेले दोऱ्याचे तुकडे जमिनीवर पडले. एफआयएच्या नियमांनुसार खांद्याच्या आणि कमरेच्या प्रत्येक जोडबिंदूने 1470 डेकान्यूटन, म्हणजे सुमारे दीड टन भार सोसला पाहिजे. त्या मुलांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला मी पाहिला आहे, आणि त्यांनी त्याच आठवड्यात वर्गणी काढून प्रमाणित पट्टा मागवला, याचे मला आजही समाधान आहे.

सीटच्या बाबतीत मात्र बचतीला खरोखर वाव आहे. सीटचे काम शरीराला एका जागी धरून ठेवणे आणि पट्ट्यांना योग्य वाट देणे हे असते. त्यासाठी एकसंध साच्याची फायबरग्लासची साधी सीट पुरेशी आहे, आणि कार्बन फायबरवर होणारा खर्च आपल्या पातळीवर टाळता येतो. पाठ मागे-पुढे झुकणारी स्पोर्ट्स सीट दिसायला आकर्षक असते, परंतु झुकवण्याची यंत्रणा हा तिचा कच्चा दुवा असल्याने स्पर्धेच्या गाडीसाठी ती निवडू नये. 8855-1999 मानकाच्या सीटची मुदत निर्मितीपासून पाच वर्षांची असते. ज्या स्पर्धेत मुदत पाहिली जात नाही, तिथे सरावासाठी मुदत उलटलेली सीट घेण्याचा मोह होतो; तेव्हा तिचे कापड काढून कवच उन्हात धरून पाहावे. बोल्टच्या छिद्रांभोवती पांढुरके डाग, कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा किंवा थर सुटल्याची खूण दिसली, तर ती फुकट मिळाली तरी नाकारावी.

मापाकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. कडक बाकावर बसून कमरेच्या दोन्ही बाजूंना एकेक जाड वही उभी टेकवावी आणि दोन्ही वह्यांमधले अंतर टेपने मोजावे. सीटची आतली रुंदी त्याच्या जवळपास हवी. बैलाच्या मानेवर जू नीट बसले नाही तर खांदा सुजतो, हे आपल्याकडे शेतकऱ्याच्या घरी कोणाला सांगावे लागत नाही. सैल सीटही वळणावर शरीराला तसाच त्रास देते, कारण चालक स्टीअरिंगला धरून स्वतःला सावरू लागतो. रुंदी जास्त असेल तर जाड मऊ फोमने भरून काढू नये, कारण मऊ फोम धडकेत दबतो आणि आवळलेले पट्टे त्या क्षणी सैल पडतात. खांद्याच्या पट्ट्यांची भोके बसलेल्या चालकाच्या खांद्याच्या पातळीला किंवा किंचित वर असावीत. एकाच गाडीत उंच आणि ठेंगणा असे दोन चालक बसणार असतील, तर दोघांना बसवून मगच सीट पक्की करावी.

आता जोडणी. चांगली सीट आणि उत्तम पट्टा एका हलक्या वॉशरमुळे मातीमोल होऊ शकतात, म्हणून या भागावर मी जरा अधिक लिहितो. सीट किमान चार ठिकाणी, किमान 8 मिलिमीटरच्या बोल्टने बसवावी. आधाराचे ब्रॅकेट पोलादी असेल तर जाडी किमान 3 मिलिमीटर आणि हलक्या मिश्रधातूचे असेल तर 5 मिलिमीटर ठेवावी. पट्ट्यांचे बोल्ट पत्र्यातून आरपार जात असतील, तर पत्र्याच्या दुसऱ्या अंगाला किमान 40 चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाची आणि 3 मिलिमीटर जाडीची काउंटर प्लेट लावावी. साध्या वॉशरवर भार आला की गाडीचा पातळ पत्रा पापडासारखा फाटतो. ही प्लेट कापायला गाळ्यातल्या उरलेल्या पत्र्याचा तुकडा चालतो, म्हणजे खर्च जवळजवळ नाहीच. बोल्ट त्याच्या डोक्यावरची 8.8 ही मजबुतीची खूण पाहूनच घ्यावा. खूण नसलेला फाटकाचा बोल्ट वापरू नये. कारखान्यातून आलेल्या सीटबेल्टचे जोडबिंदू बहुतेक गाड्यांत 7/16 इंची, 20 आट्यांचे असतात आणि एम 12 चा बोल्ट त्यात जबरदस्तीने फिरवला तर आटे मरतात, म्हणून आय-बोल्ट (डोक्याला कडी असलेला बोल्ट) घेताना जुना बोल्ट सोबत न्यावा.

खांद्याचे पट्टे खांद्यापासून मागे जाताना शक्यतो आडवे किंवा किंचित उताराचे असावेत. दहा अंशांपर्यंतचा उतार उत्तम. ते सीटमागे गाडीच्या तळाला तीव्र उतारात बांधले, तर धडकेत मणक्यावर खालच्या दिशेने दाब येतो, म्हणून रोल केजमध्ये (गाडी उलटल्यास छत दबू नये म्हणून बसवलेल्या पोलादी पाइपांच्या सांगाड्यात) खांद्याच्या उंचीवर आडवा हार्नेस बार घालून घ्यावा. सरळ बसणाऱ्या चालकासाठी कमरेचा पट्टा आडव्या रेषेशी 45 ते 65 अंशांच्या कोनात खाली जावा आणि ओटीपोटाच्या हाडावर बसावा. बारभोवती गुंडाळलेला पट्टा तीन खाचांच्या अडकणीतून परत माघारी ओवायचा असतो; ती अडकण बारला चिकटून असावी आणि टोकाला सुमारे चार इंच पट्टा शिल्लक राहावा. कमरेच्या पट्ट्याचा ओढा आणि अडकणीची दिशा एका रेषेत नसतील, तर पट्टा खाचेच्या एका कडेला गोळा होतो आणि तिथूनच फाटतो. 18 फेब्रुवारी 2001 रोजी अमेरिकेत डेटोना इथे शर्यतपटू डेल अर्नहार्ट यांचा अपघाती मृत्यू झाल्यावर नॅस्कर या तिथल्या मोटार शर्यतींच्या संस्थेच्या चौकशीत त्यांचा डावा कमरपट्टा याच प्रकारे तुटल्याचे नोंदवले गेले. पैसे थोडे जास्त असतील, तर सीटच्या कापडापेक्षा मान धरून ठेवणाऱ्या हान्स उपकरणावर ते खर्च करावेत. हार्नेस घेतानाच तो त्या उपकरणासोबत चालतो का, हेही पाहून ठेवावे.

हीच गाडी रस्त्यावर चालणार असेल, तर कंपनीचा तीन बिंदूंचा सीटबेल्ट काढू नये. रस्त्यावर सीटबेल्ट न लावल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम 194ब नुसार 1000 रुपये दंड आहेच, पण त्याहून मोठे कारण असे की रोल केज नसलेल्या गाडीत हार्नेसने ताठ बांधलेला माणूस गाडी उलटल्यावर खाली दबणाऱ्या छतापासून डोके बाजूला घेऊ शकत नाही.

आपल्याकडचे ऊन आणि धूळ हे पट्ट्यांचे खरे शत्रू आहेत. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा सहज 42 अंशांवर जातो, आणि उन्हात उभ्या गाडीतला पट्टा अतिनील किरणांनी दिवसेंदिवस कमजोर होतो. रंग फिका पडणे आणि कडा खरखरीत होणे ही त्याची पहिली लक्षणे आहेत. सराव संपला की पट्टे काढून कापडी पिशवीत घरात ठेवावेत. मळले तर कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवावेत. पेट्रोल, ब्लीच आणि बॅटरीचे पाणी यांचा स्पर्शही होऊ देऊ नये. काळ्या मातीची बारीक धूळ फिरत्या कॅम-लॉक बकलमध्ये शिरली की खटका अडखळतो, म्हणून प्रत्येक फेरीआधी तो दोनदा लावून उघडून पाहावा.

पट्टे बांधताना आधी कमरेचा पट्टा जितका सोसेल तितका आवळावा, मग मांड्यांमधले, आणि शेवटी खांद्याचे. त्यानंतर हेल्मेट व हातमोजे घालून एका हाताने बकल उघडून गाडीबाहेर येण्याचा सराव करावा, आणि मित्राला घड्याळ धरायला सांगावे. फॉर्म्युला विद्यार्थी स्पर्धांत यासाठी पाच सेकंदांची अट असते. पहिल्या दहा फेऱ्यांनंतर सीटचा आणि पट्ट्यांचा प्रत्येक बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासून त्याच्या डोक्यावरून ब्रॅकेटपर्यंत रंगाची एक रेघ ओढावी, म्हणजे पुढच्या वेळी बोल्ट जरासा जरी फिरला असेल, तरी तुटलेली रेघ लगेच दिसेल.