इंग्रजी शिकवताना या चुका टाळा

सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडीकडचं पोरगं दहावी झालं की मामाच्या नाहीतर चुलत्याच्या गलाईच्या दुकानात कामाला लागतं. दुकान तमिळनाडूत असेल, केरळात असेल. सोनं-चांदी गाळता गाळता काही वर्षांत ते तिथल्या भाषेत गिऱ्हाइकाशी घासाघीस करू लागतं. याच पोरानं शाळेत पहिलीपासून इंग्रजी घेतलेलं असतं (राज्यात २००० सालापासून पहिलीला इंग्रजी आहे), आणि तरी दोन वाक्यं सलग बोलायची म्हटली की घाम फुटतो.

तुलना थोडी अन्यायाची आहे, मान्य. दुकानात भाषा दिवसभर कानावर पडते, वर्गात जेमतेम एक तास. पण तिथं पोराच्या बोलण्याला काही काम असतं, आणि वर्गात ते कामच आपण काढून घेतो.

प्रत्येक चूक जागच्या जागी पकडणं

‘माय ब्रदर गो टू विटा’ असं मूल म्हणालं की आपण लगेच अडवतो, ‘गो नाही, गोज!’ मूल ‘गोज’ म्हणतं आणि खाली बसतं. भाऊ विट्याला कशाला जातो, ते राहूनच जातं. पुढच्या आठवड्यात पुन्हा ‘गो’. शिक्षक वैतागतात, शंभरदा सांगितलं तरी डोक्यात शिरत नाही म्हणतात.

ते शिरतं, पण उशिरा. ड्यूले आणि बर्ट या अभ्यासकांनी १९७४ मध्ये स्पॅनिश आणि चिनी घरांतली इंग्रजी शिकणारी मुलं तपासली. घरची भाषा वेगळी असूनही इंग्रजीची रूपं बऱ्यापैकी सारख्याच क्रमानं येताना दिसली. ‘गोइंग’मधला ‘इंग’ आणि अनेकवचन आधी, हा ‘गोज’मधला ‘एस’ बऱ्याच नंतर. पुस्तकात तो दुसऱ्या धड्यात छापलाय म्हणून मुलाला दुसऱ्या धड्यात येत नाही.

शिवाय चुकीला कारण असतं. जत तालुक्यातल्या कन्नड घरचं मूल मराठी बोलताना लिंगात अडखळतं. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी. खुर्ची स्त्रीलिंगी आणि टेबल नपुंसकलिंगी का, हे त्याला कोणत्या तर्कानं कळावं? मराठी मूल इंग्रजीत ‘द’ गाळतं, कारण आपल्याकडे तसलं काही नाहीच. आणि काल ‘केम’ म्हणणारं मूल आज ‘कम्ड’ म्हणालं तर ते मागे गेलेलं नाही. त्याला ‘ईडी’ लावायचा नियम सापडलाय, एवढंच. भाषा-अभ्यासक पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्येच मांडलं होतं की चुका म्हणजे शिकणाऱ्याच्या डोक्यात काय चाललंय याचा पुरावा. सेलिंकर यांनी १९७२ मध्ये या मधल्या अवस्थेला अंतरभाषा म्हटलं.

मग दुरुस्त करायचंच नाही का? करायचं, पण तऱ्हा बदलून. लिस्टर आणि रांटा यांनी कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. शिक्षक बहुतेक वेळा बरोबर रूप स्वतःच म्हणून दाखवत होते, आणि नेमकं त्यानंतरच मुलं स्वतःला सगळ्यात कमी सुधारत होती. मुलाला पुन्हा विचारलं, खूण दिली, की ती स्वतः दुरुस्त करत. म्हणून बोलणं पुरं होऊ द्या. एका वेळी एकच चूक धरा. उत्तर देऊ नका, विचारा: ‘रोज जातो की काल गेला?’

कान तयार होण्याआधी तोंड उघडायला लावणं

सगळा वर्ग एका सुरात धडा वाचतो, तपासणीला आलेले साहेब खूश होतात. मग एखाद्याला मधल्याच ओळीचा अर्थ विचारून बघा. नवी भाषा कानावर पडू लागली की बरीच मुलं काही काळ गप्प राहतात. ऐकतात, समजून घेतात. त्यांना ‘ढ’ ठरवू नका. ‘दार उघड’, ‘लाल वही दे’ अशा सूचना इंग्रजीत द्या आणि कृतीतून उत्तर घ्या.

भाषा-अभ्यासक क्रॅशन यांनी समजेल अशी भाषा कानावर पडण्यावर सगळा भर दिला. पण नुसतं ऐकून भागत नाही, हेही कॅनडातच दिसलं. वर्षानुवर्षं फ्रेंचमधून शिकलेली मुलं समजायला पक्की, बोलायला कच्ची राहिली. त्यावरून मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये मांडलं की बोलायला-लिहायला भाग पडलं तरच आपल्याला काय येत नाही ते कळतं.

बोलायला कामच न देणं

यावरचा उपाय शेजारच्याच राज्यात करून झालाय. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ मध्ये बंगळुरू प्रकल्पात व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांना नकाशे, वेळापत्रकं अशी कोडी सोडवायला दिली. आपल्याला सांगली स्टँडवरचं एसटीचं वेळापत्रक पुरे. ‘जतला दुपारी बाराच्या आत पोचायचंय, कोणती गाडी धरू?’ अर्धी माहिती एकाकडे, अर्धी दुसऱ्याकडे द्या. मग विचारल्यावाचून गत्यंतरच नाही.

मराठीला वर्गाबाहेर काढणं

अवघड कल्पना मराठीत एका वाक्यात सांगून मोकळं व्हावं. तेच इंग्रजीत फिरवून फिरवून सांगण्यात अर्धा तास संपतो. मात्र ओळ वाचली की भाषांतर, पुन्हा ओळ, पुन्हा भाषांतर, हेही नको. मुलं इंग्रजी ओळ ऐकणं सोडून मराठीची वाट बघत बसतात.

शब्दार्थ एकदाच घोकून घेणं

जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून विसरण्याचा वेग मोजला. सुरुवातीला आपण झपाट्यानं विसरतो. वीस शब्द एका दिवशी घोकण्यापेक्षा थोडे घ्या. उद्या, चार दिवसांनी, महिन्यानं पुन्हा भेटवा, दर वेळी वेगळ्या वाक्यात.

वयाची धास्ती

‘आता आठवीत गेलाय, काय येणार इंग्रजी!’ असं म्हणू नका. नेदरलँड्समध्ये डच शिकणाऱ्या इंग्रजी भाषकांच्या १९७८ च्या अभ्यासात पहिल्या काही महिन्यांत लहानग्यांपेक्षा बारा ते पंधरा वयाची मुलंच पुढे होती. उच्चारात लहान वयाचा फायदा पुढे दिसतो, तेवढ्यासाठी बाकीचं सोडायचं कारण नाही.

राहिले पालक. पाहुणे आले की ‘बाळा, इंग्रजीत बोलून दाखव’ हे तेवढं बंद करा.