जुन्या लेथची मोटर: बसवताना आणि तेल देताना या चुका टाळा

भोसरीतल्या एखाद्या कारखान्यात सीएनसी (संगणकावर चालणारं यंत्र) आलं की जुना लेथ आधी कोपऱ्यात जातो, मग भंगारवाल्याकडे. तिथून तो घेणारा माणूस बेड बघतो, स्पिंडल हलवून बघतो, चकचे (काम पकडणाऱ्या भागाचे) जबडे तपासतो. मोटरचं मात्र ‘चालते ना?’ एवढ्यावरच भागतं. पुढे त्रास देते ती हीच, आणि बहुतेक वेळा दोष तिचा नसतो, बसवणाऱ्याचा असतो.

मोटरला हात लावण्याआधी एक गोष्ट नक्की करा: शाफ्टला आधार द्यायला आत बुश (धातूची साधी नळी) आहे की बॉल बेअरिंग (गोळ्यांची कडी)? तेल की ग्रीस, मोटर कशी टांगायची, पट्टा किती ताणायचा, हे सगळं त्यावर ठरतं. बुशच्या मोटरला दोन्ही टोकांच्या कव्हरवर झाकण असलेली छोटी तेलाची कुपी असते. शाफ्ट हाताने पुढेमागे ओढला तर किंचित सरकतो. हा बिघाड नव्हे, तिची रचनाच तशी आहे. तो सरकू नये म्हणून मधे वॉशर ठोकून बसवणारे लोक आहेत. कृपा करून तसं करू नका.

बुशच्या मोटरमध्ये होणाऱ्या चुका

सर्वात जास्त मोटरी बिघडतात त्या कुपी खाली गेल्यामुळे. मूळची टेबलाखाली उभी असलेली मोटर जागा वाचवायला भिंतीवर आडवी किंवा उलटी लावली जाते. तेलाचा साठा शाफ्टच्या खाली असतो आणि लोकरीची किंवा नमद्याची वात तिथून तेल वर ओढते. मोटर उलटी झाली की तेल गळून जातं, बुश कोरडा पडतो आणि वरून कितीही थेंब टाकले तरी टिकत नाहीत. उपाय सोपा आहे. बहुतेक मोटरींची दोन्ही कव्हरं चार लांब बोल्टांनी धरलेली असतात. बोल्ट काढून कव्हर ९० किंवा १८० अंशांत फिरवलं की कुपी पुन्हा वर येते. खोलण्याआधी कव्हर आणि बॉडीवर पंचाने खूण करा. सिंगल फेज मोटरच्या एका कव्हरला आतून स्टार्टिंग स्विचच्या वायरी जोडलेल्या असतात, (मोटर सुरू व्हायला मदत करून वेग आल्यावर हा स्विच सुटतो) म्हणून ते कव्हर झटक्याने ओढू नका.

तेल कोणतं? मोटरच्या पाटीवर लिहिलेलं असेल तर तेच. नसेल तर ६८ ग्रेडचं साधं मशीन तेल किंवा टर्बाइन तेल चालतं. गाडीचं इंजिन ऑइल नको. त्यातला डिटर्जंट मळ तेलातच तरंगत ठेवतो. इंजिनात तो फिल्टरमध्ये अडकतो, इथे वातीत अडकतो. शिलाई मशीनचं तेल या कामाला पातळ पडतं. आणि कुपी रोज भरायची नसते, अधूनमधून चार-पाच थेंब पुरेत. जास्तीचं तेल वायंडिंगवर (आतल्या तारेच्या वेटोळ्यांवर) आणि स्टार्टिंग स्विचवर जातं.

या स्विचबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही, की लोक तडक पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रिकल बाजारात जाऊन नवा कपॅसिटर (मोटरला सुरुवातीचा झटका देणारा भाग) आणतात. कपॅसिटर तपासायलाच हवा, पण तो बदलूनही गुणगुण थांबली नाही तर स्विचचे पॉइंट बघा. तेलावर बसलेल्या लोखंडी भुशाने ते काळे झालेले असतात. बारीक पॉलिश पेपरने साफ करा, कोरडे पुसा. चांगल्या मोटरचा सप्लाय बंद केला की वेग उतरताना ‘टक्’ असा स्पष्ट आवाज येतो. तो येत नसेल तर स्विच अडकतोय.

बॉल बेअरिंग असेल तर

६२०३, ६२०४ अशा बेअरिंगच्या नंबरापुढे झेडझेड किंवा २आरएस असेल तर ती बंद बेअरिंग आहे. तिला ग्रीस देऊ नका, आवाज आला की बदला. उघड्या बेअरिंगला पोकळीच्या निम्म्यापेक्षा जास्त ग्रीस नको. खच्चून भरलं तर ते आतल्या आत घुसळून तापतं. जुनं ग्रीस कोणतं आहे ते माहीत नसेल तर सगळं धुऊन काढा, बेअरिंग पूर्ण सुकवा आणि मग नवं भरा.

पुली हातोड्याने ठोकून बसवणं ही आणखी एक सवय. प्रत्येक ठोका थेट गोळ्यांवर बसतो, रेसमध्ये (गोळ्या फिरतात त्या खाचेत) खड्डे पडतात आणि नवी बेअरिंगसुद्धा पहिल्या दिवसापासून घरघरते. पुली थोडी गरम करा, शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला आधार द्या, मग ती सरकवा.

पट्टा आणि पाया

घसरतो म्हणून पट्टा तारेसारखा ताणू नका. दोन पुलींत अर्धा मीटर अंतर असेल तर मध्यावर अंगठ्याने दाबल्यावर तो साधारण ८ मिलिमीटर दबायला हवा. बुशच्या मोटरला जास्त ताण सोसत नाही. तेलाचा थर तुटतो, बुश एका बाजूने झिजतो आणि शेवटी रोटर (फिरणारा भाग) स्टेटरला (स्थिर भागाला) घासतो. दोन्ही पुलींच्या तोंडावर दोरा ताणून त्या एका रेषेत आहेत का तेही बघा. एखादा पाय प्लेटवर टेकत नसेल तर बोल्ट आवळून तो खाली खेचू नका, पितळी पत्री घाला.

अमेरिकन लेथ असेल तर मूळ मोटर ६० हर्ट्झची, १७२५ आरपीएमची असते. ११५ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावून ती आपल्या ५० हर्ट्झवर चालवली तर हळू फिरते आणि तापते. तिथे १४४० आरपीएमची देशी मोटर बसवणं शहाणपणाचं. पण अर्ध्या एचपीच्या जागी दोन एचपी नको. टूल अडकल्यावर पट्टा घसरून जे गिअर वाचतात, ते मग तुटतात.

पुण्याच्या पावसाळ्यात बंद पडून राहिलेली मोटर थेट चालू करू नका. ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजणाऱ्या मीटरने) तपासा. १ मेगओहमपेक्षा कमी आलं तर आधी सुकवा. रबरी माउंटवरच्या मोटरला बॉडीपासून वेगळी अर्थिंग वायर हवीच, कारण रबर तिला लेथपासून तोडतं.

पहिल्यांदा पट्टा न लावता चालवा. दिशा बघा, दोन्ही कव्हर किती तापतात ते बघा. स्पिंडलवर आट्यांनी फिरवून बसवायचा चक असेल तर दिशेची खात्री झाल्याशिवाय तो चढवू नका. स्पिंडल उलटा फिरला तर चक सुटून अंगावर येतो.