भट्टी उघडायची घाई मला नडली

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला वायबीसीओ (इट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइड) हा अतिवाहक, म्हणजे पुरेसा थंड केला की विनारोध वीज वाहणारा पदार्थ, घेतला, कारण त्याची कृती सगळ्यांना पाठ. इट्रियम ऑक्साइड, बेरियम कार्बोनेट, कॉपर ऑक्साइड. इट्रियम, बेरियम, तांबं १:२:३. (इट्रियम ऑक्साइडमध्ये इट्रियमचे दोन अणू, म्हणून त्याचे अर्धेच मोल (रसायनातलं कणसंख्येचं माप) घ्यायचे. हमखास फसायची जागा. आणि बेरियम कार्बोनेट विषारी असतं, मास्क लावा.) अगेटच्या खलात दंड भरून येईपर्यंत घोटलं, ९२० अंशांना भाजलं, पुन्हा घोटलं, गोळी दाबून पुन्हा भाजलं.

भट्टीसाठी दुसरा नंबर लावून बसला होता, म्हणून गोळी तापलेलीच बाहेर काढली. रंग काळाकुळकुळीत, मी खूश. द्रव नायट्रोजन ओतला, वर चुंबक ठेवला. अतिवाहक झाली असती तर गोळीने तो अधांतरी उचलला असता. चुंबक ढिम्म!

एक्सआरडीत, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना तपासताना, ४७ अंशांच्या कोनाजवळ एकच शिखर होतं. हवी होती दोन, ४६.६ आणि ४७.५ च्या आसपास. सर म्हणाले, "पदार्थ बरोबर आहे, उपाशी आहे."

उपाशी म्हणजे ऑक्सिजन कमी. भाजताना सूत्रातला ऑक्सिजनचा आकडा (एक इट्रियममागे किती अणू) ६ च्या जरा वर असतो. तेव्हा स्फटिकाच्या दोन्ही आडव्या बाजू सारख्या, ३.८६ अँगस्ट्रॉम: टेट्रागोनल. सावकाश थंड होताना ऑक्सिजन आत शिरतो आणि तांब्याच्या एका थरात एकाच दिशेने साखळ्या धरतो. ती बाजू ३.८९ होते, दुसरी ३.८२, म्हणजे ऑर्थोऱ्हॉम्बिक. गंमत म्हणजे आत भर पडूनही उंची ११.८२ वरून ११.६८ वर येते. ऑक्सिजन ७ च्या जवळ गेला की ९० केल्विनच्या वर अतिवाहकता मिळते. द्रव नायट्रोजन ७७ केल्विनचा, म्हणून तो पुरतो.

फार तापलेलं असेल तर ऑक्सिजन टिकत नाही, फार थंड असेल तर शिरत नाही. मधली ४०० ते ५०० अंशांची पट्टी कामाची. तीच मी गोळी बाहेर काढून घालवली होती. बरं, नुकसान कायमचं नव्हतं. तीच गोळी ४५० अंशांना ऑक्सिजनच्या प्रवाहात रात्रभर ठेवली आणि भट्टीतच निवू दिली.

आधी आणि नंतर वजन नक्की करा. पूर्ण ६ वरून ७ वर गेलं तर ग्रॅममागे सुमारे २५ मिलिग्रॅम वाढतात. माझी दोन ग्रॅमची गोळी ३४ ने वाढली; एक्सआरडीच्या आधीच तराजूने निकाल सांगितला होता.

चुंबक दोनेक मिलिमीटर उचलला गेला. नायट्रोजन उडाला, तसा हळूच खाली बसला.